रविवारी न चालणारी गाडी

शिडीवाल्याची पिकअप सोमवार ते शनिवार व्यवस्थित चालायची. रविवारी मात्र चालू व्हायची नाही.

हे सांगितलं की लोक हसतात. हसू देत. आठवड्याचे सहा दिवस ती गाडी वीस-वीस फुटी शिड्या पाठीवर घेऊन चढ चढायची, आणि चढताना असा काळा धूर सोडायची की मागच्या गाड्यांना भर दुपारी दिवे लावावे लागत. तिचा मूळचा रंग निळा होता म्हणतात, पण तो पाहिलेला माणूस आता हयात नाही. डाव्या दाराला कडी नव्हती, तिथे शिडीवाल्याने शिडीचीच एक पायरी अडसर म्हणून बसवली होती. आरसा एकच, तोही न्हाव्याकडून आणलेला. त्यात मागचा रस्ता कमी आणि स्वतःचं तोंड जास्त दिसायचं. पण काही म्हणा, सहा दिवस नुसता हात लावायचा अवकाश, गाडी दोनदा खोकून उठायची.

रविवार उजाडला की ढिम्म.

एका रविवारी गल्लीतल्या सात धट्ट्याकट्ट्या माणसांनी ती ढकलली, तर कोपऱ्यापर्यंत जाऊन ती त्या सातही जणांना ढकलत परत अंगणात आली, असं शिडीवाला रंगवून सांगायचा. कोपऱ्यापर्यंत चढ आहे, हे तेवढं सांगायचा नाही.

मिस्त्रीला तीनदा बोलावून झालं होतं. पण रविवारी त्याचं गॅरेज बंद. तो यायचा सोमवारी. सोमवारी त्याने किल्ली फिरवली की गाडी अशी झटक्यात चालू व्हायची की जणू शाळेत साहेब आलेत. मिस्त्री हात पुसायचा आणि म्हणायचा, "शिडीवाले, गाडीला काही झालेलं नाही. तुम्हालाच काहीतरी झालंय."

शेवटी शिडीवाल्याने स्वतःच निदान करून टाकलं. "सहा दिवस राबते बिचारी, सातव्या दिवशी सुट्टी घेते. माणसाने घेतली तर चालते, गाडीने घेतली की लगेच तोंड वाकडं!"

तोंड वाकडं व्हायचं ते त्याच्या बायकोचं, आणि तिला कारणही होतं. दीड वर्षापूर्वी त्यांची लेक डोंगरावरच्या नव्या घरात राहायला गेली होती. तिथे बस जात नाही. लेक आणि जावई दोघंही सहा दिवस नोकरीवर, घरी सापडायचे ते रविवारीच. आणि त्या घराला माळा होता, पण माळ्यावर चढायला शिडी नव्हती. ज्याच्या शिड्या चार गावांत जातात त्याची मुलगी खुर्चीवर स्टूल ठेवून माळ्यावर चढत होती. शिडीवाल्याने तिच्यासाठी कधीच शिडी करून ठेवली होती. सागवानी, अकरा पायऱ्यांची, माशी बसली तर घसरून पडेल इतकी गुळगुळीत. ती दीड वर्षं त्याच्या शिड्यांच्या कारखान्यात भिंतीला टेकून उभी होती.

"अकरा रविवार!" बायको म्हणाली. "अकरा रविवार मी पिशवी मांडीवर घेऊन तुमच्या त्या डबड्यात बसले, आणि अकरा वेळा तशीच उतरून घरात आले. लोकांच्या शिड्या न्यायच्या असल्या की पळतंय. मला लेकीकडे न्यायचं म्हटलं की मरतंय. मला कळत नाही होय? तुम्हीच काहीतरी करून ठेवता. जावयाकडे जायचं तुमच्या जिवावर येतं."

हे शिडीवाल्याला लागलं. लेकीच्या आठवणीने तो रोज त्या शिडीवरून एकदा फडकं फिरवायचा, ते हिला दिसलं नव्हतं का? रागाच्या भरात तो बोलून गेला, "ठीक आहे. येत्या रविवारी मिस्त्रीला बोलावतो. अकरा वाजेपर्यंत गाडी चालू झाली तर शिडी घेऊन लेकीकडे जायचं. नाही झाली तर दे भंगारात!"

त्याला वाटलं, बायको म्हणेल, असू द्या हो, एवढं टोकाला कशाला जायचं. बायको म्हणाली, "भंगारवाल्याला मी सांगते."

तर असा तो रविवार उजाडला.

पहाटे पाचलाच शिडीवाला गाडीत जाऊन बसला. किल्ली होतीच, पण त्याने तिला हात लावला नाही. आधी गाडीची समजूत घालायला हवी होती. तो स्टीअरिंगवर हात ठेवून हळू आवाजात बोलत राहिला. "आजच्या दिवस. फक्त आजच्या दिवस ऐक. पुढचे वाटेल तेवढे रविवार झोप."

सहा वाजता मेहुणा तोंड धुवायला अंगणातल्या नळावर आला. हा बायकोचा धाकटा भाऊ. शिड्यांच्या पायऱ्या कापायचं काम करायचा आणि बाहेरच्या खोलीत राहायचा. तोंड धुऊन झालं तरी तो गाडीच्या नाकापाशी घुटमळत राहिला.

"दाजी, तुम्ही आत जाऊन चहा घ्या की. मी बसतो गाडीपाशी."

"नको. तिला माणसाची सवय हवी."

मेहुणा गेला. मग बायको पाण्याची बादली घेऊन आली. झाडांना पाणी घालता घालता तिने गाडीच्या दारालाच पाणी घातलं.

"अहो, जरा उतरा. सीट झटकते."

"नऊ वर्षांत झटकली नाहीस ती? भंगारवाल्याला स्वच्छ द्यायची आहे वाटतं."

बायको फणकाऱ्याने निघून गेली. शिडीवाला बसून राहिला.

दहा वाजता भंगारवाला क्रेनचा ट्रक घेऊन दारात हजर. अंगाने जाड, आवाजाने बारीक, स्वभावाने सभ्य. तो पायरीवर बसला, मनगटावरचं घड्याळ मांडीवर काढून ठेवलं आणि म्हणाला, "माझी काही घाई नाही. अकरा म्हणजे अकरा." बायकोने त्याला पाहुण्यासारखा चहा दिला. शिडीवाल्याला तो चहा फार गोड केलाय असं लांबूनच वाटलं.

सव्वादहाला मिस्त्री आला. सुट्टीच्या दिवशी, धुतलेला शर्ट घालून. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच तो ही गाडी रविवारी बघत होता, आणि एखाद्या डॉक्टरला पुस्तकात नसलेला आजार समोर आल्यावर व्हावा तसा त्याला आनंद झाला होता.

"फिरवा किल्ली."

शिडीवाल्याने डोळे मिटून फिरवली. काही नाही. दिवा नाही, हॉर्न नाही, साधी टिकटिकसुद्धा नाही.

"वा!" मिस्त्री म्हणाला.

"वा काय, वा? मेलीय ती."

"मेली नाही. वीजच पोचत नाहीये." त्याने बॉनेट वर केलं, डोकं आत घातलं आणि नुसता बघत राहिला. कुठेही हात लावेना. भंगारवालाही उत्सुकतेने उठून आला.

"आमच्या वस्तादांनी एक गोष्ट शिकवली," आतूनच मिस्त्रीचा आवाज आला. "गंजलेल्या गाडीत काय गंजलंय ते बघत बसू नये, जन्म जाईल. काय गंजलेलं नाही ते बघावं." मग त्याने एका बोटाने बॅटरीची वायर उचलली. ती अलगद वर आली. "हा बघा नट. सगळ्या गाडीला दोन बोटं गंज चढलाय आणि हा एकटा आरशासारखा चमकतोय. हा रोज सोडला जातो, रोज आवळला जातो. कोण करतं?"

मेहुण्याने आकाशाकडे पाहिलं. आकाशात काही नव्हतं.

"अरे," शिडीवाला म्हणाला, "तुझ्या खिशात पाना कशाला आहे?"

मेहुण्याने खिशावर हात ठेवला, पण उशीर झाला होता. "दाजी, ते... बेकरीवाल्याची गाडी चोरीला गेली नव्हती का?"

"त्याला नऊ वर्षं झाली!"

"तेव्हापासूनच. संध्याकाळी तुम्ही गाडी लावली की मी वायर सोडून ठेवतो. चोर आला तरी किल्ली फिरवत बसेल. सकाळी सहाला परत आवळतो. सोमवार ते शनिवार. रविवारी गाडी कुठे निघत नाही, म्हणून मग सोमवारीच."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"तुम्ही चारचौघांत सगळं बोलता, दाजी."

मग शिडीवाल्याने जे सुरू केलं ते दहा मिनिटं चाललं. घरच्या माणसाने घरच्या गाडीशी असा लपूनछपून कारभार करावा? अकरा रविवार आपली बहीण पिशवी घेऊन बसते हे दिसत नव्हतं? जिच्या जिवावर भाकरी खातोस तिचीच वीज तोडतोस? मेहुणा मान खाली घालून ऐकत होता, पण मध्येच पुटपुटला, "पण दाजी, त्यातल्या तीन-चार रविवारी मी हळूच वायर लावलीसुद्धा होती. तरी नाही झाली चालू. म्हणून तर मला वाटलं, गाडीतच दोष आहे."

"गप्प बस! चोर तो चोर आणि वर..."

"साडेदहा," भंगारवाला म्हणाला.

मिस्त्रीने नट आवळून बॉनेट लावलं. शिडीवाल्याने विजयी मुद्रेने किल्ली फिरवली. डॅशबोर्डवरचा लाल दिवा लागला, हॉर्न वाजला, वायपर एकदा हलला. पण सेल्फ फिरेना. इंजिनला पहिला धक्का द्यायचं ज्याचं काम, तोच हूं का चूं करेना.

"आता दिवे आहेत, पण सेल्फपर्यंत वीज जात नाही," मिस्त्री म्हणाला. "मधे कुठेतरी कुणीतरी अडवलीय."

आणि त्याच क्षणी शिडीवाल्याला आपला जेवणाचा डबा आठवला.

त्याचं असं झालं होतं. बेकरीवाल्याची गाडी गेली त्याच आठवड्यात शिडीवाल्याने सीटखाली एक चोरबटण बसवलं होतं. संध्याकाळी उतरताना जेवणाचा डबा सीटखालून काढायचा, त्याच हाताने बटण बंद. सकाळी डबा सीटखाली सारायचा, त्याच हाताने चालू. नऊ वर्षांत हे काम इतकं हातात बसलं होतं की डोक्याला त्याची खबरच नव्हती. त्याला विचारलं असतं, गाडीत चोरबटण आहे का, तर त्याने सरळ मनाने नाही म्हणून सांगितलं असतं. आणि रविवारी डबा कुठला? बायको पिशवीत सगळं घ्यायची. डबा नाही, म्हणून हात सीटखाली जात नव्हता. हात गेला नाही, म्हणून बटण चालू होत नव्हतं.

"अरे, ते बघा!" शिडीवाला एकदम ओरडला. "भिंतीवर केवढं मांजर!"

सगळ्यांनी भिंतीकडे पाहिलं. शिडीवाल्याने खाली हात घातला. खट्.

मांजर नव्हतंच. मिस्त्री तर भिंतीकडे वळलाही नव्हता. तो शांतपणे आला, गुडघ्यावर बसला आणि सीटखाली डोकावला. "वा, वा! इथेही चकचकीत. पितळेसारखं पिवळंधमक झालंय बोट लागून लागून."

सगळ्यांच्या माना भिंतीकडून शिडीवाल्याकडे वळल्या.

"अगं," शिडीवाला म्हणाला, "ते मी मुद्दाम नाही. ते आपोआप... डबा नसतो ना रविवारी..."

"डबा!" बायकोने कमरेवर हात ठेवले. "म्हणजे अकरा रविवार मी लेकीचं तोंड बघितलं नाही ते डब्यापायी? माझ्या भावाला दहा मिनिटं उभं-आडवं सोलून काढलंत, आणि बटण तुमच्याच बुडाखाली? काय म्हणाले होते मी? तुम्हीच काहीतरी करून ठेवता, असं म्हणाले होते की नाही?"

"म्हणाली होतीस," मेहुणा मन लावून म्हणाला.

"तू मधे बोलू नकोस, तूही त्यातलाच! चोर येईल म्हणे. कुठला चोर हात लावणार आहे या डबड्याला? उलट बघून दोन घास ठेवून जाईल."

शिडीवाल्याने मुकाट्याने किल्ली फिरवली. आता सेल्फ फिरला. घर्र, घर्र, घर्र. एखाद्या म्हाताऱ्यासारखी गाडी उठायला बघत होती, पण उठत नव्हती. पुन्हा फिरवली. घर्र, घर्र. इंजिन काही पेट घेईना.

"पावणेअकरा," भंगारवाला म्हणाला, आणि क्रेनची साखळी सोडायला गेला. घाईने नव्हे, नुसती तयारी म्हणून.

शिडीवाला खाली उतरला. एवढा वेळ त्याला आशा होती. आता नव्हती. गुन्हा त्याचा निघाला होता, आणि गुन्हा दुरुस्त करूनही गाडी मेलेलीच होती, म्हणजे ती खरंच गेली होती. त्याने बॉनेटवर हात ठेवला. कारखान्याच्या उघड्या दारातून अकरा पायऱ्यांची शिडी दिसत होती. लेक आता कदाचित स्टुलावर चढत असेल.

"घेऊन जा," तो भंगारवाल्याला म्हणाला. "बोललो ते बोललो. फक्त आरसा ठेवतो. न्हाव्याचा आहे."

बायको दोन पावलं पुढे आली.

"थांबा," मिस्त्री म्हणाला. त्याने स्टीअरिंगखालचं झाकण काढलं होतं. "सेल्फ फिरतोय, पण इंजिनला डिझेल मिळत नाही. डिझेलची वाट उघडायला वीज लागते, आणि त्या विजेच्या वाटेत एक फ्यूज असतो. नखाएवढा, लाल. त्याची जागा ही. रिकामी." त्याने टॉर्च मारला. "आणि या रिकाम्या जागेच्या दोन्ही कडा..."

"चकचकीत?" मेहुण्याने विचारलं.

"आरसा."

शिडीवाल्याने मेहुण्याकडे पाहिलं. मेहुण्याने जोरजोरात मान हलवली. मेहुण्याने शिडीवाल्याकडे पाहिलं. शिडीवाल्याने गळ्यावर हात ठेवून शपथ घेतली. मग दोघांनी भंगारवाल्याकडे पाहिलं, आणि तो बिचारा घाबरून म्हणाला, "मी तर आजच आलोय!"

"दहा मिनिटं आहेत," तो पुढे हळूच म्हणाला.

बायको अंगणाच्या मधोमध उभी होती. तिला गप्प राहायचं होतं, बाकी काही करायचं नव्हतं. दहा मिनिटं गप्प राहिली असती तर तिचंच खरं झालं असतं, कायमचं. शिडीवाल्याचं तिच्याकडे लक्ष गेलं तेव्हा ती त्याच्याकडे बघत नव्हती. बॉनेटवर ठेवलेल्या त्याच्या हाताकडे बघत होती.

ती वळली, घरात गेली, आणि पत्र्याचा एक मोठा डबा छातीशी धरून बाहेर आली. तिचा शिवणाचा डबा. तिने तो सगळ्यांच्या समोर बॉनेटवर पालथा केला. चार-पाचशे बटणं खडखडत पसरली. काळी, पांढरी, कोटाची, फ्रॉकची. एक घरंगळत जाऊन भंगारवाल्याच्या बुटाशी थांबलं.

"यात आहे," ती म्हणाली. "शोधा आता. बघत काय उभे राहिलात?"

"तू?" शिडीवाला म्हणाला.

"संध्याकाळी दोरीवरचे वाळलेले कपडे काढायला येते तेव्हा काढून नेते. सकाळी झाडांना पाणी घालताना लावते. आज तुम्ही पाचपासून ठाण मांडून बसलात, लावू कधी? सीट झटकते म्हटलं तर उतरला नाहीत."

"पण तू तर तिला डबडं म्हणतेस!"

"मग काय म्हणू? डबडंच आहे." तिने एक बटण उगाच उचलून परत ठेवलं. "पण आपलं आहे. बेकरीवाला गाडी गेल्यावर महिनाभर दारात बसून असायचा रिकाम्या जागेकडे बघत. तुम्हाला तसं बघवलं नसतं मला. शोधा! नऊ मिनिटं राहिलीत."

मग जे झालं ते बघायला गल्ली हवी होती. एक शिडीवाला, एक मेहुणा, एक धुतलेल्या शर्टातला मिस्त्री आणि ज्याला गाडी न्यायची होती तो स्वतः भंगारवाला, असे चौघे बॉनेटवर पालथे पडून लाल बटणं निवडत होते. लाल बटणं निघाली सदतीस. त्यातली दोन तर मेहुण्याने फ्यूजच्या जागी लावूनही पाहिली.

"हे काय?" भंगारवाला बारीक आवाजात ओरडला. त्याच्या जाड बोटांच्या चिमटीत नखाएवढा लाल तुकडा होता, त्याला दोन पाय. क्षणभर तो त्या तुकड्याकडे आणि आपल्या साखळीकडे बघत राहिला. मग त्याने तुकडा मिस्त्रीच्या हातात दिला.

शिडीवाल्याने किल्ली फिरवली. घर्र, घर्र, आणि गाडी दोनदा खोकली. काळ्या धुराचा एवढा मोठा लोट उठला की भंगारवाला दिसेनासा झाला. त्यातूनच त्याचा आवाज आला, "अकराला दोन कमी!" आणि तो आवाज, खोटं नाही सांगत, आनंदी होता.

शिडी चढवली. बटणं डब्यात भरली. निघताना मिस्त्री खिडकीशी वाकला. नऊ वर्षं तिघंजण एकाच चोराविरुद्ध एकमेकांच्या नकळत पहारा देत होते, आणि एकाने आपलं कुलूप काढलं तरी दुसऱ्या दोघांची लागलेलीच राहायची, एवढं सगळं त्याने बोटांवर मोजून समजावलं. मग सहज म्हणून विचारलं, "बाकी सगळं ठीक, पण किल्ली कुठे ठेवता तुम्ही?"

"किल्ली?" शिडीवाला म्हणाला. "गाडीतच असते. लावलेली. घरात नेली तर हरवते."

मिस्त्रीने तिघांच्या तोंडांकडे आळीपाळीने पाहिलं. कुणालाच त्यात काही वावगं वाटलेलं दिसलं नाही. तो बाजूला झाला.

डोंगर चढून गाडी लेकीच्या फाटकाशी थांबली तेव्हा दुपार झाली होती. माळ्याच्या खिडकीतून लेकीचं डोकं बाहेर आलं. ती वरच होती. "आई! बाबा! मामा! अगं बाई, खरंच आलात? शिडी आणा आधी लवकर, स्टूल पडलंय खाली, मी तासभर इथेच अडकलेय!"

तिघं गाडीतून उतरले. शिडीवाल्याने दार लावलं, पण हात दारावरच राहिला. बायकोने पिशवी काखेत घेतली, पण दोन पावलं जाऊन थांबली. मेहुणा तर बॉनेटपाशीच उभा होता, खिशात हात घालून.

"व्हा पुढे दाजी, मी आलोच."

"तू शिडी घे आणि जा. मी जरा टायर बघतो."

"तुम्ही दोघंही व्हा पुढे," बायको म्हणाली. "माझं सीटवर काहीतरी राहिलंय."

"अहो, येताय ना?" वरून लेक ओरडली.

"आलो, आलो," तिघंही एकदम म्हणाले, आणि कुणीच हललं नाही.